साडेतीनशे शब्दांत कोण मावतं: दोन ॲबस्ट्रॅक्टच्या प्रकल्प नोंदी

१८ नोव्हेंबर

जुलैच्या आंतरराष्ट्रीय एड्स परिषदेला दोन ॲबस्ट्रॅक्ट, म्हणजे आपल्या कामाचे छोटे सारांश, पाठवायचं आज पक्कं झालं. पहिलं आकड्यांचं: ज्यांचे एचआयव्हीचे उपचार मध्येच सुटले आणि जे पुन्हा औषधांवर आले, त्यांचा व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) वर्षभरात कुठवर खाली आला. दुसरं अनुभवाचं: त्यांना परत आणण्यासाठी फोन करणाऱ्या, दारापर्यंत जाणाऱ्या कार्यकर्त्या काय शिकल्या. परिषदेत दोन्ही प्रकारांना जागा आहे, मात्र साचे वेगळे आहेत. पहिल्याला पार्श्वभूमी, पद्धत, निष्पत्ती, निष्कर्ष. दुसऱ्याला पार्श्वभूमी, कामाचं वर्णन, काय शिकलो, पुढे काय. मजकुराची मर्यादा दोन्हींना ३५० शब्दांची. तक्ता टाकला तर त्याचेही शब्द यातूनच वजा होतात.

मागच्या खेपेला आपलं एक ॲबस्ट्रॅक्ट नाकारलं गेलं होतं. त्यात 'सविस्तर निष्पत्ती परिषदेत मांडण्यात येतील' असं वाक्य होतं. परीक्षकाला समोर निष्पत्तीच नसेल तर त्याने गुण द्यायचे कशाला? यंदा आकडे हातात आल्याशिवाय एकही वाक्य लिहायचं नाही, असं मॅडमनी बजावलं आहे.

२५ नोव्हेंबर

पूर्ण दिवस एका शब्दावर गेला: 'सुटले'. औषध सुटलं म्हणजे किती दिवस? एका केंद्राच्या नोंदवहीत ठरलेल्या तारखेनंतर ९० दिवस उलटले की शेरा मारतात, दुसऱ्या केंद्रात महिन्याभरातच. इतर देशांतल्या एचआयव्ही उपचारांना मदत करणाऱ्या अमेरिकेच्या पेपफार कार्यक्रमानेही पूर्वीची ९० दिवसांची मर्यादा काढून २८ दिवसांची केली, त्यामुळे जुने आणि नवे अहवाल शेजारी ठेवले की गोंधळ होतो.

फरक केवळ कागदावरचा नाही. २८ दिवस धरले तर पाच आठवडे उशीर झालेला माणूसही 'सुटून परत आलेला' ठरतो. त्याच्याकडे कदाचित जुन्या गोळ्या शिल्लक असतील, त्याचा व्हायरल लोड फारसा चढलेलाच नसेल, आणि तो लवकर खाली आला याचं श्रेय आपल्या कामाला मिळेल. ९० दिवस धरले की गटात जास्त आजारी, जास्त अडचणीतले लोक येतात आणि आपलं यश लहान दिसतं. आपल्या कार्यकर्त्यांनी खरे कष्ट घेतले ते या दुसऱ्या लोकांसाठी.

ठरलं: मुख्य विश्लेषण ९० दिवसांचं. २८ दिवसांचं वेगळं करून बघायचं आणि निकाल बदलत असेल तर तसं लिहायचं.

२ डिसेंबर

नोंदी साफ करणं. एकाच माणसाचे दोन क्रमांक, जन्मसाल उलटसुलट, चाचणीची तारीख औषध सुरू होण्याआधीची. नीतिविषयक समितीची मंजुरी आधीपासून आहे, तिचा क्रमांक काढून ठेवला. नावं आणि फोन नंबर विश्लेषणाच्या फाइलमधून पूर्ण काढले. ती यादी फक्त केंद्रावर, कुलपात.

९ डिसेंबर

पहिला तक्ता आला. परत आलेल्यांपैकी ज्यांची वर्षानंतरची चाचणी झाली, त्यांच्यात व्हायरल लोड १००० कॉपींच्या (रक्ताच्या एका मिलिलिटरमागे) खाली असलेल्यांचं प्रमाण डोळे दिपवणारं आहे. खोलीत सगळ्यांचे चेहरे उजळले. सांख्यिकीच्या सरांनी एकच विचारलं, "छेद काय घेतलाय?"

छेद घेतला होता 'चाचणी झालेले'. सरांनी फळ्यावर समजुतीचे आकडे मांडले. समजा ४०० जण परत आले. वर्षाने त्यांतल्या ३०० जणांचीच चाचणी झाली आणि २७० जणांचा व्हायरल लोड दबलेला, म्हणजे १००० च्या खाली, निघाला. ३०० ने भागलं तर ९०%. ४०० ने भागलं तर ६७.५%. आणि न तपासलेले सगळेच्या सगळे शंभर जण ठीक असतील असं धरलं तर ९२.५%. खरं उत्तर ६७.५ आणि ९२.५ च्या मध्ये कुठंतरी आहे. त्यातला एकच सोयीचा आकडा उचलून शीर्षकात घालणं म्हणजे शंभर माणसांबद्दल काहीही न बोलता त्यांना चांगलं ठरवून टाकणं.

आणि हे शंभर जण कोण असतात? बहुतेकदा पुन्हा सुटलेले, दूर राहणारे, कामावरून सुटी न मिळणारे, वारलेले. ज्याची बाराव्या महिन्यात चाचणी झाली तो बाराव्या महिन्यापर्यंत जिवंत होता आणि येतही होता, हे त्या चाचणीतच गृहीत आहे. त्यामुळे 'चाचणी झालेल्यांचा' गट आपोआप बऱ्या माणसांचा बनतो. हे मला पुस्तकातून ठाऊक होतं, तरी सकाळी तो सुंदर आकडा बघून मीही मनातल्या मनात शीर्षक लिहून मोकळा झालो होतो.

निर्णय: मुख्य आकडा सर्व परत आलेल्यांच्या छेदावर, चाचणी नसलेले 'दबलेला नाही' धरून. शेजारी चाचणी झालेल्यांचा आकडा, दोन्हींचे छेद स्पष्ट लिहून. आणि चाचणी न झालेल्यांचं काय झालं हे शोधल्याशिवाय ॲबस्ट्रॅक्ट पाठवायचं नाही. मॅडम म्हणाल्या, "वेळ आहे. यादी ताईंकडे द्या."

१३ डिसेंबर

ताईंबरोबर यादी घेऊन बसलो. ताई स्वतः एचआयव्हीसह जगतात, गेली कित्येक वर्षं या केंद्रांवर काम करतात. फोन कसा करायचा हे त्यांच्याकडून बघण्यासारखं आहे. पलीकडे कुणीही उचलू शकतं: सासू, मुलगा, दुकानातला नोकर. त्या केंद्राचं नाव घेत नाहीत. "मी त्यांची ओळखीची ताई बोलतेय, त्यांना सांगा वेळ मिळाला की फोन करा." बास. आजाराचं नाव नाही, दवाखान्याचं नाही. पुन्हा फोन आला नाही तर दुसऱ्या वेळी, दुसऱ्या दिवशी. किती वेळा करायचा आणि कधी थांबायचं याचाही त्यांचा नियम आहे. माणसाने 'नको' म्हटलं की थांबायचं, मात्र परत यायला दार उघडं आहे एवढं सांगून.

चार प्रकारची उत्तरं येतायत. काही जण दुसऱ्या केंद्रावर औषध घेतायत आणि आपल्याकडे न सांगता गेलेत. आपल्या नोंदवहीत ते सुटलेले, प्रत्यक्षात उपचारांवर. काही जण येतात, औषध घेतात, फक्त त्यांची चाचणीच राहून गेली. ही चूक सर्वस्वी आपली. काही जण खरोखर पुन्हा सुटले आहेत. काही वारले आहेत. एका घरी फोन केल्यावर पलीकडून बराच वेळ कुणी बोललं नाही, मग एका बाईंनी सांगितलं. ताईंनी फोन ठेवला, वहीत तारीख लिहिली आणि पाणी प्यायला उठल्या. त्या दिवशी पुढचे फोन आम्ही केले नाहीत.

तक्त्यात आता 'माहिती नाही' या एका रकान्याऐवजी पाच रकाने असतील: इतरत्र उपचार सुरू, आपल्याकडेच पण चाचणी राहिली, पुन्हा सुटले, मृत्यू, ठावठिकाणा लागला नाही. ३५० शब्दांत पाच रकाने जड जातील. तरी ठेवायचे.

१९ डिसेंबर

उपगटांचं विश्लेषण. तरुणांच्या गटात एक आकडा फारच उठून दिसतोय आणि दोघा-तिघांना तो शीर्षकात हवा आहे. गट लहान आहे. सरांनी सोपा हिशेब दिला: एखाद्या गटात घटना एकदाही घडली नाही, तर खऱ्या प्रमाणाची वरची मर्यादा साधारण ३ भागिले गटाची संख्या. तीस जणांत शून्य म्हणजे 'शून्य' नव्हे, 'जास्तीत जास्त सुमारे १०% असू शकेल' एवढंच.

मी बैठकीत बोट्स्वानातल्या त्सेपामो अभ्यासाची आठवण काढली. २०१८ साली ॲमस्टरडॅमच्या परिषदेत तो मांडला गेला: गर्भधारणेच्या वेळी डोल्युटेग्राविर हे एचआयव्हीचं औषध घेत असलेल्या मातांच्या ४२६ प्रसूतींत बाळाच्या मज्जारज्जूशी संबंधित जन्मदोष ४, म्हणजे ०.९४%. संशोधकांनी तो इशारा लपवला नाही हे बरोबरच केलं, आणि अंश, छेद, दोन्ही समोर ठेवले. पण अंश फक्त चारचा होता. त्यावरून अनेक देशांत बाळंतपणाच्या वयातल्या स्त्रियांना हे चांगलं औषध नाकारलं गेलं किंवा गर्भनिरोधकाची अट घातली गेली. पुढच्याच वर्षी मेक्सिको सिटीत तोच अभ्यास १६८३ प्रसूतींत ५, म्हणजे ०.३०%, असा आला. जागतिक आरोग्य संघटनेने त्याच सुमारास हे औषध सर्वांसाठी पहिल्या पसंतीचं म्हणून सुचवलं, आणि आणखी प्रसूती मोजल्या गेल्या तसा इतर औषधांशी असलेला फरक पुसला गेला.

मला त्यातून एवढंच घ्यायचं होतं की लहान आकडा सांगायचा, जरूर सांगायचा, त्याची विश्वासमर्यादा (खरा आकडा कुठून कुठवर असू शकेल ती कक्षा) शेजारी ठेवून. त्याच्यावर शीर्षक उभं करायचं नाही. ऐकणारे शीर्षक घेऊन घरी जातात. तरुणांचा आकडा मजकुरात राहील, मर्यादेसकट.

३ जानेवारी

पहिला मसुदा ६१२ शब्द. कापाकापी.

पार्श्वभूमीत आपण जागतिक साथीची कहाणी सांगत बसलो होतो. ९५-९५-९५ ची (चाचणी, उपचार आणि दबलेला व्हायरल लोड यांची) उद्दिष्टं या परिषदेला येणाऱ्या प्रत्येकाला पाठ आहेत. तो सगळा परिच्छेद उडवला, दोन वाक्यं ठेवली: काय माहीत नाही आणि आपण काय विचारलं. पद्धतीत मात्र एकही गोष्ट कमी करता येत नाही: कुठल्या काळातल्या नोंदी, 'सुटले'ची व्याख्या, व्हायरल लोडचा उंबरठा, छेद, विश्लेषणाची रीत.

उंबरठ्यावरून पुन्हा वाद. १०००, २०० की ५०? नुसतं 'दबलेला' लिहिलं तर वाचणाऱ्याला कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मांडणीप्रमाणे १००० किंवा त्याखाली म्हणजे दबलेला, आणि चाचणीत न सापडणारा त्याहून वेगळा: तिथे लैंगिक जोडीदाराला संसर्ग होण्याचा धोका शून्य. २०१८ साली ॲमस्टरडॅमला मांडल्या गेलेल्या पार्टनर-२ अभ्यासात २०० चा उंबरठा होता. तो अभ्यास मी नव्या सहकाऱ्यांना नेहमी दाखवतो. समलिंगी पुरुषांची ७८२ जोडपी, प्रत्येकात एक जण एचआयव्हीसह जगणारा आणि उपचारांवर, दुसऱ्याला संसर्ग नाही; जोडीदाराकडून झालेले संसर्ग शून्य. पण काळजीपूर्वक वाचलं तर दिसतं की त्या काळात १५ जणांना नवा संसर्ग झालाच होता. विषाणूंची जनुकीय तुलना करून तो जोडीदाराकडून आलेला नाही हे दाखवलं गेलं. ते पंधरा जण त्यांनी गाळले नाहीत म्हणून त्या शून्यावर जगाचा विश्वास बसला.

आपण १००० मुख्य ठेवला, ५० दुसरा.

शब्दही बदलले. मसुद्यात 'डिफॉल्टर' (म्हणजे कसूर करणारा) चार ठिकाणी होता, कारण नोंदवहीत तोच छापलाय. 'एचआयव्हीबाधित रुग्ण' दोनदा. यूएनएड्स या संयुक्त राष्ट्रांच्या एड्स कार्यक्रमाच्या परिभाषेच्या मार्गदर्शिकेत यांऐवजी 'एचआयव्हीसह जगणारे लोक' आहे आणि त्यामागे मोठा इतिहास आहे: १९८३ साली डेन्व्हरमध्ये एड्ससह जगणाऱ्या काही माणसांनी आम्हाला 'बळी' म्हणू नका असं लिहून जाहीर केलं होतं. कनिष्ठ सहकाऱ्याने विचारलं, तीन शब्द जास्त जातात, चालेल का? चालेल. विशेषणं कापू.

'आमच्या सेवेमुळे सुधारणा झाली' हे वाक्यही गेलं. तुलनेला दुसरा गट नाही, त्यामुळे 'मुळे' लिहायचा अधिकार नाही. 'सेवेच्या काळात आढळली' इतकंच.

३५४. उद्या बघू.

५ जानेवारी

३४८. परिषदेच्या मार्गदर्शक योजनेत मसुदा पाठवला. पहिल्यांदा लिहिणाऱ्यांना अनुभवी संशोधक मुदतीआधी वाचून सूचना देतात. मूल्यमापनाशी त्यांचा संबंध नसतो. कनिष्ठ सहकारी प्रथम लेखिका आहे, तिच्या नावाने गेला.

१० जानेवारी

दुसरं ॲबस्ट्रॅक्ट, आणि लेखकांची यादी.

वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या समितीचे लेखकत्वाचे चार निकष आहेत: कामात भरीव वाटा, लेखनात किंवा चिकित्सक वाचनात भाग, अंतिम मजकुराला मान्यता, आणि कामाची जबाबदारी. कार्यकर्त्यांना 'आभार' या ओळीत बसवायची पद्धत जुनी आहे. पण फोनची रीत त्यांनी ठरवली, पाच रकान्यांची माहिती त्यांनी आणली, काय शिकलो हे त्यांनीच सांगितलं. उरलेले निकष त्यांना पूर्ण करता यावेत ही आपली जबाबदारी. म्हणून मजकूर मराठीत करून आज दोन तास वाचला, ओळ न् ओळ. परिषदेला तो इंग्रजीतच जाणार, पण मान्यता द्यायची तर समजलेल्या मजकुराला.

ताईंनी दोन दुरुस्त्या केल्या. आपण लिहिलं होतं की लोक 'औषधाच्या दुष्परिणामांमुळे' सुटतात. त्या म्हणाल्या, "तसं ते पहिल्यांदा सांगतात, कारण ते सांगायला सोपं असतं. तिसऱ्या-चौथ्या बोलण्यात खरं निघतं. घरी कुणाला तरी गोळ्यांची डबी सापडलेली असते." दुसरी: 'समुपदेशनाची तीन सत्रं' या शब्दांना त्यांची हरकत. सत्रं वगैरे काही नव्हती, बस थांब्यावरही बोलणं झालं होतं. दोन्ही जसंच्या तसं घेतलं.

मग त्या एका वाक्यावर थांबल्या. 'लेखकांपैकी एक जण एचआयव्हीसह जगते.' मला ते वाक्य अभिमानाने घालावंसं वाटलं होतं. ताईंनी विचारलं, "हे सगळ्यांना दिसणार ना? कायमचं?" हो. ॲबस्ट्रॅक्ट परिषदेच्या पुस्तकात छापली जातात, नावाने शोधलं की सापडतात. यादीत कार्यकर्ती म्हणून नाव एकट्या त्यांचंच. म्हणजे ते वाक्य कुणाबद्दल आहे हे कुणीही ओळखलं असतं. "नाव माझं द्या, काम माझं आहे. वाक्य काढा. मुलीला मी अजून सांगितलेलं नाही."

वाक्य काढलं. ज्या बाईंनी फोनवर हजारदा आजाराचं नाव टाळून माणसं जपली, त्यांच्याच नावापुढे मी तो छापायला निघालो होतो. मी त्यांची माफी मागितली.

१६ जानेवारी

मार्गदर्शकांकडून मसुदा परत आला. सूचना मोजक्या आणि नेमक्या. स्त्री, पुरुष, ट्रान्सजेंडर व्यक्ती यांचे आकडे वेगळे द्या. पी-व्हॅल्यूपेक्षा विश्वासमर्यादा द्या. संक्षेप पहिल्यांदा येतील तिथे पूर्ण लिहा. निष्कर्षातलं 'तातडीने सर्वत्र राबवावं' काढा, तुमचे आकडे तेवढं वजन पेलत नाहीत.

पाच रकान्यांबद्दल त्यांनी लिहिलं: जागा खातात, पण हाच भाग मी दुसऱ्या कुठल्या ॲबस्ट्रॅक्टमध्ये पाहिलेला नाही. ठेवा.

ट्रान्सजेंडर व्यक्तींची संख्या इतकी कमी आहे की वयासकट दिली तर केंद्रावरचा कुणीही माणूस ओळखेल. फक्त एकूण संख्या देतो, वयोगटात विभागत नाही.

२२ जानेवारी

अर्ज भरला. जागच्या जागी सापडलेल्या अडचणी, पुढच्या वेळेसाठी:

मजकूर चिकटवल्यावर 'पेक्षा कमी किंवा समान'ची खूण नाहीशी झाली होती आणि उंबरठा उलटा वाचला जात होता. खुणा पुन्हा हाताने घातल्या आणि छापील प्रतीवर तपासल्या. मूल्यमापन नावं झाकून होतं, म्हणून मजकुरात केंद्राचं नाव चुकून राहिलंय का ते पाहिलं. एका ठिकाणी राहिलं होतं. विभाग दोन्हींसाठी अंमलबजावणी-विज्ञानाचा (सेवा प्रत्यक्षात कशा राबवल्या जातात याच्या अभ्यासाचा) निवडला. व्हायरल लोड आहे म्हणून पहिलं वैद्यकीय विभागात टाकायचा मोह होता, पण तिथले परीक्षक नवीन औषधाचा किंवा चाचणीचा शोध घेतील आणि आपला प्रश्न तो नाही. सर्व सहलेखकांची लेखी मान्यता फाइलला लावली, ताईंची सहीसुद्धा.

मुदतीचा शेवटचा तास मध्य युरोपच्या घड्याळाप्रमाणे असतो. त्याची वाट न बघता आजच पाठवलं.

२३ एप्रिल

निकाल आले. आकड्यांचं ॲबस्ट्रॅक्ट पोस्टर म्हणून स्वीकारलं. ताई प्रथम लेखिका असलेलं दुसरं नाकारलं. कारण देत नाहीत, फक्त कळवतात.

ताईंना फोनवर सांगायला नको वाटलं, केंद्रावर जाऊन सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाल्या, "पण डबीची गोष्ट कुठेतरी लिहा." पोस्टरवर ३५० शब्दांची अट नाही. डबीची गोष्ट आणि फोनची रीत त्यावर एका चौकटीत जाईल, त्यांच्या नावाने. त्या पहिल्या ॲबस्ट्रॅक्टच्याही सहलेखिका आहेतच. दुसरं पूर्ण लेख म्हणून लिहायला घेतोय.

प्रवासाचं: कनिष्ठ सहकारी मांडणार. व्हिसाचा अर्ज आजच. या परिषदेच्या इतिहासात सीमा नेहमीच आडव्या आल्या आहेत. एचआयव्हीसह जगणाऱ्यांना अमेरिका प्रवेश नाकारत होती म्हणून १९९२ ची परिषद बॉस्टनहून ॲमस्टरडॅमला हलवली गेली. ती बंदी २०१० मध्ये उठल्यावर २०१२ ला परिषद वॉशिंग्टनमध्ये भरली. २०२२ ला माँट्रियललाही अनेकांना व्हिसा मिळाला नाही. निमंत्रणाचं पत्र मागवलंय.

६ मे

पोस्टरचा मसुदा. मधोमध तक्ता, पाच रकाने मोठ्या अक्षरात.

दुपारी ताईंचा फोन. 'ठावठिकाणा नाही'मधला एक जण सापडला, दुसरीकडे कामाला गेलाय, तिथल्या केंद्रावर औषध घेतोय. "आता तुमचा तक्ता बदलावा लागेल का?" हो, बदलावा लागेल. ॲबस्ट्रॅक्टमधला आकडा जानेवारीचा आहे हे तळाशी लिहिलं, एक माणूस एका रकान्यातून दुसऱ्यात नेला, आणि आजची तारीख टाकली.